नटावरची पांढरी रेघ

अकरा मार्चला सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी साडूच्या टेबलावर चार हजार सातशे पन्नास आगाऊ मोजून ठेवले, आणि गॅरेजच्या खड्ड्यात उभ्या असलेल्या कानसेनच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

पैसे साडूने घेतले यात वावगे काही नव्हते. गॅरेज दोघांचे होते. गिऱ्हाईक आणि गल्ला साडूने बघायचा, गाडीखाली कानसेनने उतरायचे, असे बावीस वर्षे चालत आले होते. पण पैसे मोजून झाल्यावर बाई टेबलावर वाकल्या आणि काहीतरी हळू बोलल्या. दवाखान्यातला निळा मास्क त्यांच्या तोंडावर होताच. गॅरेजातली धूळ बघून त्यांनी तो काढला नव्हता. ऐकता ऐकता साडूने त्यांच्या खांद्यावरून खड्ड्याकडे पाहिले. नजरानजर झाली तशी त्याने घाईने पावतीपुस्तक उघडले आणि दोन पाने मागे उलटली.

पावती फाडणारा माणूस पाने पुढे उलटतो, मागे नाही. कानसेनने ते टिपून ठेवले.

कानसेन हे काही त्याचे पाळण्यातले नाव नव्हे. तरुणपणी तो बसच्या आगारात सायलेन्सरच्या कामावर होता. फाटकातून बस आत शिरली की हा चहाच्या कपातून डोके वर न काढता सांगायचा, पुढचा जोड फुटलाय, किंवा मागच्या डब्याची आतली जाळी सुटलीय. गाडी खड्ड्यावर घेतली की तेच निघायचे. त्यावर चहाच्या पैजा लागत. तिथल्या गाणाऱ्या फोरमनने एकदा सगळ्यांसमोर सांगितले की तानसेन आपल्याकडे नाही, पण कानसेन आहे. तेव्हापासून नाव चिकटले ते चिकटलेच. पुढे बायकोच्या धाकट्या बहिणीचे लग्न एका टायर विकणाऱ्या माणसाशी झाले. त्या साडूकडे बोलायची कला होती, ह्याच्याकडे हात आणि कान होते. दोघांनी मिळून ही शेड घेतली. जागेचा करार मात्र एकट्या साडूच्या नावावर झाला, कारण सह्यांच्या दिवशी कानसेन तापाने फणफणला होता. तुमचं नाव नंतर घालू, असे ठरले. ते नंतर अजून उजाडले नव्हते.

इतकी वर्षे याचे त्याला काही वाटले नव्हते. आता वाटत होते, कारण दीड वर्षापासून त्याचा उजवा कान गेला होता आणि डावा त्याच वाटेवर होता.

त्याने ते कोणालाही सांगितले नव्हते. डॉक्टरला कळले की बायकोला कळणार, बायकोला कळले की तिच्या बहिणीला, आणि बहिणीकडून साडूला. दात नसलेला दातांचा डॉक्टर चालतो, पण बहिरा कानसेन कोण ठेवील? गिऱ्हाइकांना थट्टा झाली असती आणि साडूला निमित्त मिळाले असते. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरे काम मिळणार नव्हते आणि करारावर नाव नव्हते. म्हणून तो माणसाच्या उजव्या बाजूला सरकून उभा राहायचा, म्हणजे डावा कान समोर येई. ओठांकडे बघायचा, आणि काहीच समजले नाही तर "हो, होऊन जाईल" म्हणायचा. गॅरेजमध्ये येणाऱ्या दहा प्रश्नांपैकी आठांना हे उत्तर चालते.

ज्याला ऐकू येत नाही त्याला सगळे जग कुजबुजताना दिसते. साडू फोनवर बोलताना काचेच्या केबिनचे दार लावून घेई. पूर्वीही लावत असेल, पण आता ते डोळ्यांत खुपत होते. घरी स्वयंपाकघरात दोघी बहिणी बोलत बसलेल्या असायच्या, आणि हा दारात आला की थोरली उगाच भांडे विसळायला घ्यायची. महिन्यापूर्वी तर टायवाला येऊन गेला. हा मोठ्या रस्त्यावर झटपट सायलेन्सर बदलून देणाऱ्या दुकानाचा मालक. उन्हाळ्यातही गळ्यात टाय. त्याने साडूबरोबर चहा घेतला, खिशातून मोजपट्टी काढली आणि मागच्या अर्ध्या शेडची लांबी मोजली. कानसेनने विचारले तेव्हा साडू म्हणाला, असंच. असंच कोणी मोजपट्टी खिशात घालून फिरत नाही. पाणी कुठेतरी मुरत होते, आणि आता डॉक्टरीणबाईही त्यात सामील झाल्या होत्या.

गाडी मात्र देखणी होती. बाईंच्या वडिलांनी तरुणपणी घेतलेली, दोनच माणसे बसतील अशी, छत मागे सरकवता येणारी, जमिनीला इतकी लागून की खड्ड्यावर घेताना पोट घासेल म्हणून पुढच्या चाकांखाली फळ्या घालाव्या लागल्या. रंग गडद हिरवा, जागोजागी उडालेला. नवा सायलेन्सर बाईंनी गाडीच्या मूळ देशातून मागवला होता. इंजिनापासून मागच्या टोकापर्यंतचा पूर्ण संच, लांबलचक लाकडी पेटीत, मेणकागदात गुंडाळलेला. जुना काढायचा, नवा बसवायचा. शनिवारी बाई गाडी घेऊन सरकारी तपासणीला जाणार होत्या, आणि आवाज किंवा धूर ठरल्यापेक्षा जास्त निघाला तर गाडीचा परवाना रद्द होणार होता.

पहिला दिवस जुने काढण्यात गेला. वडिलांच्या पश्चात कोणीतरी डब्याला पडलेले भोक पत्र्याचा तुकडा आणि तारेने झाकले होते, आणि त्या तारेवर दुसऱ्या कोणीतरी आणखी तार गुंडाळली होती. कानसेनने गंजलेल्या नटांना तेल पाजले, गॅसच्या ज्योतीने तापवले, जे ऐकेनात ते कापले. इंजिनाच्या ओतीव बिडाच्या तोंडातून चार स्टड बाहेर येतात, म्हणजे आटे पाडलेल्या बोटभर सळया. नव्या पाइपाचे तोंड त्यांच्यावर बसते आणि चार नट ते आवळून धरतात. स्टड जुनेच राहणार होते. त्यातला तिसरा गंजाने खाऊन बारीक झालेला त्याने बोटाने ओळखला. त्याला हलक्या हाताने घ्यावे लागेल, हे त्याने मनात ठेवले. पूर्वी अशी गोष्ट त्याने साडूला सांगितली असती. हल्ली दोघांमध्ये कामापुरते बोलणेही मोजके झाले होते.

दुसऱ्या दिवशी नवा संच चढला. त्याची रीत ठरलेली होती. आधी सगळे जोड नुसते हाताने फिरवून सैल ठेवायचे, पाइप रबराच्या अडकवण्यांवर झुलू द्यायचा, मग पुढून मागे एकेक जोड आवळत जायचे. शेवटी इंजिन चालू करून रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे जोडापाशी धरायचे. जोड गळत असेल तर नळीतून फुसफुस येते. त्याने नळी डाव्या कानाला लावली. फुसफुस आली नाही. नसेल म्हणून आली नाही की असून आली नाही, हे त्याला सांगता आले नसते. त्याने तळहात जोडाभोवती फिरवून पाहिला, हवा लागली नाही, आणि समाधान करून घेतले.

मग प्रत्येक नटावरून स्टडवर त्याने पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. ही आगारातली सवय. एका पाळीने आवळलेला नट दुसऱ्या पाळीने पुन्हा आवळू नये म्हणून ही खूण असायची. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते. इथे दुसरी पाळी नव्हती, पण हाताला वळण पडले होते. एरवी गाडी त्याच दिवशी गिऱ्हाईक घेऊन जाई, त्यामुळे आपली रेघ पुन्हा बघायची वेळ त्याच्यावर येत नसे. ह्या गाडीची मागची अडकवण नव्या डब्याला जुळेना, ती नव्याने घडवायची होती, म्हणून गाडी मुक्कामाला राहिली. दुपारी जेवून आल्यावर तो मागच्या टोकाशीच काम करत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पुढे गेला आणि बॅटरीचा झोत वर टाकला. दोन रेघा तुटलेल्या होत्या.

पहिल्या आणि चौथ्या नटाची रेघ स्टडवरच्या रेघेपासून सरकली होती, आवळायच्या दिशेने. नट आपोआप सैल होताना त्याने जन्मभर पाहिले होते. आपोआप आवळला गेलेला नट पाहिला नव्हता. कोणीतरी हात लावला होता. शेडच्या किल्ल्या दोघांकडेच असत.

तो खड्ड्याच्या पायरीवर बसला आणि त्याने हिशेब जुळवला. बाईंची कुजबुज, टायवाल्याची मोजपट्टी, स्वयंपाकघरातले विसळलेले भांडे, आणि आता हे. साडूला स्टड तोडायचा होता. शनिवारी बाई येणार, गाडी रणगाड्यासारखी गर्जणार, आणि साडू चारचौघांत हात जोडून म्हणणार की काय करू, आमच्या साडूभाऊंचा हात आता पूर्वीचा राहिला नाही. सोमवारी टायवाला मागच्या शेडमध्ये.

दुपारी घरी जेवताना तो बायकोला म्हणाला, धाकटी हल्ली फार येते.

"माझी बहीण आहे. येणारच," बायको म्हणाली.

"काय बोलता दोघी?"

"तुमच्याबद्दल नाही बोलत," ती म्हणाली, आणि मीठ हवे का विचारले. मीठ समोरच होते. आणि माझ्याबद्दल बोलता का, असे त्याने विचारलेच नव्हते. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते असे.

परत येऊन त्याने रेघा पाहिल्या. दुसऱ्या नटाचीही सरकली होती. म्हणजे हे काम भर दुपारी, तो जेवायला गेला की होत होते. तेव्हा त्याने तो उद्योग केला ज्याबद्दल नंतर त्याला कोणी क्षमा केली नाही, आणि त्यानेही ती मागितली नाही. त्याने चारही नट अर्धा अर्धा वेढा सैल केले, जुन्या रेघा पुसल्या आणि त्या नव्या जागी नव्या ओढल्या. विचार सरळ होता. साडूने नट आणखी आवळले तरी स्टडवर ताण येणार नाही, आणि किती फिरवले तेही कळेल. जाळे लावताना मासा किती मोठा आहे याची माहिती असावी लागते, एवढेच त्याच्या लक्षात आले नाही.

शुक्रवारी दुपारी तो नेहमीसारखा हात धुऊन, पिशवी घेऊन निघाला. कोपऱ्यापर्यंत गेला, पानवाल्याकडे जरा थांबला आणि जुन्या टायरांच्या ढिगामागून शेडच्या मागच्या दाराने आत आला.

इंजिन चालू होते. त्याला ते पायांतून कळले. गाडीच्या मागच्या टोकाला लांब नळी लावून धूर दाराबाहेर सोडला होता. केबिन रिकामी होती, आणि साडूचा इस्त्रीचा शर्ट खुर्चीच्या पाठीवर टांगलेला होता.

खड्ड्यात साडू बनियनवर उभा होता. एका कानाला कानसेनचीच रबरी नळी. तोंड वाकडे करून, डोळे मिटून तो ऐकत होता, एका जोडावरून दुसऱ्या जोडावर नळी नेत होता. तिसऱ्या नटापाशी थांबला. मान हलवली. नळी गळ्यात टाकली आणि भिंतीवरचा पाना घेतला, त्यातला सर्वांत लांब दांड्याचा. टायरचा माणूस, त्याला चाकाचे नट आवळायची सवय. त्याने दोन्ही हातांनी ओढले.

कानसेन ओरडला. काय ओरडला ते इंजिनाच्या आवाजात साडूला ऐकू गेले नाही, आणि स्टड तुटल्याचा आवाज कानसेनला ऐकू आला नाही. त्याने फक्त पाना एकदम सैल पडलेला पाहिला, आणि साडूचा चेहरा.

त्याने गाडीत हात घालून किल्ली फिरवली. इंजिन बंद झाले. साडूने वर पाहिले.

"सापडलात," कानसेन म्हणाला.

साडू काहीतरी बोलला. खाली मान घालून बोलला, त्यामुळे ओठ दिसले नाहीत. कानसेनने सवयीने "हो, होऊन जाईल" म्हटले नाही, पण विचारलेही नाही. साडूने मान वर केली आणि एकेक शब्द सुटा करून, बहिऱ्याशी बोलावे तसा बोलला.

"वर्ष झालं. तुम्ही जेवायला गेलात, की मी खाली उतरतो. एक तरी गिऱ्हाईक परत आलं का? नाही आलं. का नाही आलं, ते विचारा की."

कानसेन उभ्याचा पायरीवर बसला. म्हणजे साडूला माहीत होते. वर्षभर माहीत होते.

"माझ्या कामावर पहारा," तो म्हणाला.

"पहारा नाही. राखण. तुम्हाला गळती ऐकू येत नाही. त्या पिवळ्या गाडीवाल्याचा जोड शिट्टी वाजवत होता, आणि तुम्ही त्याला हात मिळवून निरोप दिलात."

"मग सांगायचं होतंत."

"तुम्ही ऐकलं असतंत?" साडू म्हणाला. कोणी हसले नाही.

कानसेनच्या हातात अजून एक पत्ता होता. टायवालाही राखण करायलाच येतो का, असे त्याने विचारले. साडू पायरीवर त्याच्या शेजारी येऊन बसला, बनियनला हात पुसले आणि खोटे बोलला नाही. टायवाल्याला मागची अर्धी शेड हवी होती, त्याच्या माणसांसकट. साडूने हो म्हटले नव्हते. नाहीही म्हटले नव्हते. उद्या तुमचा कान पूर्ण गेला आणि एखाद्याच्या गाडीत धूर शिरून कोणाला घेरी आली, तर करारावर नाव माझे आहे, पोलीस माझ्या दारात येतील, असे तो म्हणाला. करार हा शब्द त्याने उच्चारला तसा कानसेनने त्याच्याकडे रोखून पाहिले, आणि साडूने नजर खड्ड्याकडे वळवली. तिथे तिसऱ्या स्टडचा तुकडा नटासकट पडलेला होता.

"पण एक सांगा," साडू म्हणाला, "काल मी तपासलं तेव्हा हा ठीक होता. आज चारही ढिले. एवढा कसा बिघडला तुमचा हात एका दिवसात? म्हणून तर मी लांब पाना घेतला."

कानसेनने तुकड्यावरच्या पांढऱ्या रेघेकडे पाहिले.

"मीच सैल केले."

"का?"

"कोण आवळतंय ते बघायला."

साडूने कपाळावर हात मारला. तो काळा होता, कपाळावर ठसा उमटला. "म्हणजे मी तुमची चूक झाकायला आवळतोय, तुम्ही मला धरायला सैल करताय, आणि मधल्या मधे ह्या म्हातारीचा दात पडला. उद्या सकाळी बाई येणार. आता काय, त्यांच्याच खुर्चीत बसवू का गाडी?"

आता मात्र कानसेनला हसू आले. ते त्याने लपवले, कारण संशय पुरता फिटलेला नव्हता. टायवाल्याला नाही म्हटलेले नाही, हे वाक्य त्याने मनात वेगळे काढून ठेवले होते.

पण बिडात अडकलेला तुकडा कोणाच्या मनात काय आहे ते बघत नाही. तो काढला नाही तर गाडी तपासणीत नापास, बाई गेल्या, आणि मग टायवाल्याला हो म्हणायला साडूला कारणही लागले नसते. कानसेनला हे साडूइतकेच कळत होते. बिडात खोल भोक पाडायला जावे तर तोंडच फुटायची भीती. एकच रस्ता होता. तुटलेल्या बुंध्यावर नवा नट ठेवायचा, त्याच्या भोकातून वेल्डिंगने बुंध्याला चिकटवायचा, आणि ते सगळे गरम असतानाच पाना लावून बाहेर फिरवायचे. केसभर मागे, केसभर पुढे. गंज सुटतो तेव्हा बारीक करकर येते. ती आली की फिरवायचे. त्याआधी जोर लावला की पुन्हा तुटते.

ती करकर ऐकायला त्याच्याकडे कान नव्हते.

पहिला नट चिकटवला आणि तो हाताच्या अंदाजाने फिरवायला गेला. नट उखडून हातात आला. दुसऱ्यांदा तेच. बुंधा आता जेमतेम दाण्याएवढा उरला होता. कानसेनने वेल्डिंगची काच डोक्यावर सरकवली, रबरी नळी साडूच्या गळ्यातून काढली, तिचे एक टोक त्याच्याच कानात दिले आणि दुसरे स्वतःच्या डाव्या हाताने बुंध्याशेजारी धरले. बोलायचे नाही, फक्त बोट वर करायचे, असे सांगितले.

तिसरा नट चिकटला. कानसेनने पाना लावला आणि साडूच्या बोटाकडे पाहत राहिला. केसभर पुढे. बोट खाली. केसभर मागे. बोट खालीच. पुढे. साडूचे डोळे मिटलेले, कपाळावर तो काळा ठसा आणि घाम. मग बोट वर आले, एवढेसे, जसे काही त्यालाही खात्री नव्हती. कानसेन तिथेच थांबला, परत मागे आला, पुन्हा पुढे गेला. बोट ताठ झाले.

"बोललं काहीतरी," साडू म्हणाला, बोलायचे नाही हे विसरून.

बुंधा बाहेर आला. कानसेनने तो फडक्यात घेऊन साडूच्या हातावर ठेवला. गल्लीच्या टोकाच्या लेथवाल्याने त्याच संध्याकाळी त्या मापाचा नवा स्टड कापून दिला. मग चारही नट दोघांनी मिळून आवळले, खाली कानसेनचा पाना आणि नळीच्या टोकाला साडूचा कान, आणि फुसफुस थांबली की बोट खाली. रेघा कानसेनने ओढल्या. साडूने विचारले, ह्या रेघा कशाच्या? त्याला इतकी वर्षे ती कामाची सजावट वाटत होती. कानसेनने सांगितले नाही. आपल्याजवळ एखादी खूण असलेली बरी.

शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. गाडी सुरू केली तशी शेडच्या पत्र्याला एक खर्जातला आवाज लागला, जाडसर आणि स्वच्छ. बाईंनी गाडी दारापर्यंत नेली, परत आणली, उतरल्या, आणि कानसेनसमोर येऊन त्यांनी तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला. आवाज कसा वाटतो तुम्हाला, असे त्यांनी विचारले. ओठ नीट दिसत होते; प्रश्न त्याला समजला. छान, म्हणता आले असते.

त्याने साडूकडे पाहिले. साडू दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, आज बनियनवर नाही, इस्त्रीच्या शर्टात. 

"मला उजव्या कानाने ऐकू येत नाही, बाई," कानसेन म्हणाला. "डाव्यानेही कमीच. आवाजाचं ह्यांना विचारा. त्यांनी ऐकलाय."

सायलेन्सर दाखवायला आलेला एक रिक्षावाला तिथे उभा होता, त्यानेही ते ऐकले. आता ते सगळ्या रस्त्याला कळणार होते.

"मला पहिल्याच दिवशी कळलं," बाई म्हणाल्या. "माझे पेशंट असेच करतात, मास्क लावून विचारलं की. मी तुम्हाला विचारलं, किती वर्षं हे काम करताय? तुम्ही म्हणालात, शनिवारपर्यंत."

साडू आधी हसला. मग कानसेन.

"मी खरं तेच सांगितलं," कानसेन म्हणाला. "मला वाटत होतं, शनिवारपर्यंतच."

त्या दिवशी टेबलावर वाकून बाईंनी साडूला कानाच्या एका डॉक्टरचा पत्ता सांगितला होता, आणि साडूने तो पावतीपुस्तकाच्या जुन्या पानावर टिपून घेतला होता. कुजबुज त्याच्याबद्दलच होती, यात त्याचा संशय चुकला नव्हता. स्वयंपाकघरातल्या दोघी बहिणीही त्याच्याबद्दलच बोलत होत्या. ह्यांना डॉक्टरकडे न्यायचे कोणी आणि कसे, यावर त्यांचे वर्षभर एकमत होत नव्हते. बायकोला तर साडूच्याही आधी कळले होते, टीव्हीच्या आवाजावरून. एकंदरीत त्याची सगळी गणिते बरोबर आली होती, उत्तर तेवढे चुकले होते.

तपासणीत गाडी पास झाली. कानाच्या डॉक्टरने उजव्याबद्दल मान हलवली आणि डाव्यासाठी एक बारीक यंत्र दिले. ते तो घरी लावतो. गॅरेजमध्ये वेल्डिंगच्या तडतडीने ते किंचाळते, म्हणून तिथे खिशात ठेवतो. आता प्रत्येक गाडीला शेवटी साडू नळी कानाला लावून खड्ड्याच्या काठावर बसतो आणि कानसेन खालून त्याच्या बोटाकडे बघतो. गिऱ्हाइकांना ते बघायला मजा वाटते. साडू त्यांना सांगतो, ते कानसेन, आणि मी त्यांचा कान.

टायवाल्याला साडूने कळवले की जागा सध्या द्यायची नाही. सध्या हा शब्द कानसेनने ऐकला. त्या दिवशी यंत्र लावलेले होते. करारावर नाव घालायचे पुन्हा निघाले आणि दोघांचे ठरले आहे की नवीन करार होईल तेव्हा घालू. तोपर्यंत तो नटांवर रेघा ओढतो आणि जेवून आला की आधी त्या बघतो. आजवर एकही सरकलेली नाही.

तुटलेल्या स्टडच्या जागी नवा करून देण्याचे लेथवाल्याने एकशे साठ घेतले. ते साडूने दिले. निम्मे कानसेनकडून यायचे, कारण सैल त्याने केला होता. कानसेनचे म्हणणे, पाना ज्याच्या हातात होता त्याने द्यावेत. ऐंशी अजून येणे आहेत.